घरसंसार : वाढदिवस लेकराचा की मोठ्यांचा?



आपल्या घरातल्या आजी-आजोबांना त्यांची जन्मतारीख विचारून पाहा. पुष्कळांच्या शाळेच्या दाखल्यावर एकच तारीख सापडेल : १ जून. सगळे त्याच दिवशी जन्मले असे नव्हे. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, आणि नाव घालायला आलेल्या आई-बापांना तारीख ठाऊक नसायची. "ज्वारीच्या सुगीत झाला", "मोठा पूर आला त्या साली झाली", एवढेच त्यांना सांगता यायचे. मग मास्तर अंदाजाने वर्ष धरून १ जून लिहून मोकळे व्हायचे. ज्यांना स्वतःची जन्मतारीखच नव्हती, त्यांचा वाढदिवस कोण करणार?

आज आपल्या लेकरांना खरी तारीख आहे. तेव्हा नातवाचा, नातीचा वाढदिवस करावा असे घरच्यांना वाटते, यात काही गैर नाही. लेकराचे कौतुक झालेच पाहिजे. वाढदिवस करू नका, असा उपदेश आम्ही करणार नाही. आम्हाला विचारायचे आहे ते इतकेच, की आपल्या वस्तीत जो वाढदिवस होतो तो खरोखर लेकराचा असतो काय?

डोळ्यांपुढे आणा. पत्रिकेत वेळ सातची. केक कापला जातो साडेनऊला, कारण कोणीतरी मोठे माणूस यायचे असते. तोवर ज्याचा वाढदिवस ते दोन वर्षांचे पोर बापाच्या खांद्यावर झोपून गेलेले असते. नव्या बुटांनी त्याचे पाय चावलेले, अंगावरच्या जरीच्या कपड्यांनी अंग खाजणारे. त्याला उठवतात, हातात सुरी देतात, ते भोकाड पसरते आणि त्याच क्षणी फोटो निघतो. बाकीची पोरे दोन तास केककडे बघत बसलेली. स्पीकर असा लावलेला की शेजारच्या घरी दहावीची मुलगी कानात बोटे घालून बसते आणि रात्रपाळी करून आलेला माणूस झोपेवाचून तळमळतो. आई सकाळपासून चुलीपुढे. ती फोटोपुरती बाहेर येते आणि पुन्हा आत जाते. आणि पाहुणे गेल्यावर उरते काय? फुटलेले फुगे, उष्टी ताटे आणि मांडववाल्याचे बिल.

ऋण काढून सण

आपल्याकडे जुनी म्हण आहे, ऋण काढून सण करू नये. म्हण सगळ्यांना पाठ आहे, पण पहिला वाढदिवस आला की विसरली जाते. मांडव, खुर्च्या, तीन किलोचा केक, जेवणावळ, नाक्यावर फ्लेक्स. समजा या सगळ्यासाठी कुणी खाजगी सावकाराकडून १५,००० रुपये घेतले, दर शेकडा पाच रुपये महिना. म्हणजे महिन्याला ७५० रुपये नुसते व्याज. वर्षभरात ९,००० रुपये व्याजापोटी जातात आणि मुद्दल १५,००० जसेच्या तसे उभे राहते. लेकराचा दुसरा वाढदिवस येतो तेव्हा पहिल्याचे कर्ज दारात असते. आठवड्याच्या हप्त्याचे गटाचे कर्ज असले तरी गोष्ट तीच. हप्ता चुकला की गटातल्या बायका दारात येतात आणि शब्द ऐकावे लागतात ते आईला.

ज्या लेकरासाठी हे केले त्याला यातले काही आठवणारही नसते. एक-दोन वर्षांच्या मुलाला मांडव कळत नाही आणि फ्लेक्सवरचे स्वतःचे नाव वाचता येत नाही. त्याला कळते ती आईची मांडी, हातातला रंगीत फुगा आणि जिभेवरचे गोड. चार-पाच वर्षांच्या मुलाला आणखी एक गोष्ट कळते. आपल्या बरोबरीची पोरे आज आपल्या घरी आली आणि आपण खूप खेळलो. एवढी एक गोष्ट जमली की वाढदिवस झाला असे समजावे.

पोरे कमी करू नका, मोठी माणसे कमी करा

खर्च कमी करायचा म्हटले की आपण म्हणतो, कमी मुलांना बोलवा. सोसायटीतल्या बंद दाराच्या घरांना ते जमते. चाळीत आणि वस्तीत नाही जमत. दार उघडे असते, फुगे दिसतात, पोरे दाराशी येऊन उभी राहतात. त्यातल्या आठांना आत घ्यायचे आणि सहांना "तुला बोलावले नाही" म्हणायचे, हे आपल्याला शोभत नाही. दाराबाहेर उभे राहण्याचे दुःख काय असते, ते आपल्या मागच्या पिढ्यांना कुणी वेगळे सांगायला नको.

तेव्हा आम्ही उलटे सुचवतो. पोरे सगळी येऊ द्या. मोठ्यांना बोलावू नका. खर्च मुलांचा होत नाही, मोठ्यांचा होतो. वीस मुले एक वाटी खीर आणि मूठभर चिवडा खाऊन आनंदाने खेळायला पळतात. वीस मोठ्या माणसांना खुर्ची लागते, जेवण लागते, मान लागतो, आणि मटणात मीठ कमी पडले तर चर्चाही लागते.

कुणी रुसेल त्याचे काय? आजी-आजोबा, मामा, आत्या या जवळच्या माणसांना सकाळी किंवा दुपारच्या जेवणाला बोलवा. रोजच्या डाळ-भातात एक गोड वाढले म्हणजे झाले. बाकीच्यांना सरळ सांगा, "संध्याकाळी पोरांचाच कार्यक्रम आहे, तुमच्या मुलाला पाठवा, सातला घरी आणून सोडतो." पहिल्या वर्षी एखादी वहिनी तोंड वाकडे करील. दुसऱ्या वर्षी तीच आपल्या मुलाचा वाढदिवस असाच करील, कारण सुटका तिलाही हवीच असते.

दिवस कोणता, वेळ कोणती

पाच वर्षांखालच्या मुलाला तारीख कळत नाही. तारखेला सकाळी बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे त्याच्या हातून मेणबत्ती लावावी, सगळ्यांनी मिळून त्रिशरण-पंचशील घ्यावे, एक गोड घास भरवावा. पाच-दहा मिनिटांचे काम. पोरांचा कार्यक्रम मात्र आई-वडिलांच्या सोयीने ठेवावा. पगारानंतरची पहिली सुटी उत्तम. सुटी म्हणजे रविवारच असे नाही. घरकामाला जाणाऱ्या भगिनींना रविवारी चार घरी जास्तच राबावे लागते. आईला ज्या दिवशी उसंत आहे तो दिवस धरावा.

वेळ ठरवताना दोन गोष्टी पाहाव्या : नळाला पाणी कधी येते आणि लेकरू कधी झोपते. दुपारची झोप झालेले मूल संध्याकाळी पाच वाजता हसरे असते. तेच मूल रात्री नऊला रडते, त्यात त्याचा दोष नाही. तीन वर्षांपर्यंतच्या मुलाला एक तास पुष्कळ झाला. चार ते सहा वर्षांच्यांना दीड तास, त्याहून मोठ्यांना दोन तास. निरोप देताना सुरू व्हायची वेळ सांगतो तशी संपायची वेळही सांगा. "पाच ते साडेसहा." आणि साडेपाचला केक कापा, कोणी आलेले असो वा नसो.

जागा दहा बाय बाराची असेल तर खेळ बाहेर, खाऊ आत. बुद्धविहाराचे अंगण, समाजमंदिराचा ओटा, शाळेचे मैदान, जे जवळ असेल ते विचारून घ्यावे. स्पीकर लावायचाच असेल तर आवाज आपल्या अंगणापुरता ठेवा. रात्री १० नंतर उघड्यावर लाऊडस्पीकर लावायला कायद्यानेच बंदी आहे. पण कायद्याची वाट कशाला पाहायची? शेजारी आजारी माणूस असेल, कुणाची परीक्षा असेल, तर आपणच समजून घ्यावे.

खाऊ थोडा, पण हातचा

वीस मुलांचा हिशेब सांगतो. दोन लिटर दूध, दीडशे ग्रॅम शेवया आणि पाव किलो साखर यांत वीस छोट्या वाट्या खीर होते. सुजाताने सिद्धार्थ गौतमाला खीर दिली, ती कथा आपल्या घराघरांत माहीत आहे. मुलांना ती खीर वाढता वाढता सांगावी. उन्हाळ्यात सकाळी केलेली खीर संध्याकाळपर्यंत आंबते, म्हणून ती दुपारी तीन-चारच्या सुमारास करावी. चिवड्याला अर्धा किलो पातळ पोहे, दीडशे ग्रॅम शेंगदाणे, शंभर ग्रॅम डाळ्या. तो आदल्या दिवशी करून डब्यात भरून ठेवता येतो. जोडीला केळी. बस, एवढे पुष्कळ.

चार वर्षांखालच्या मुलांना मात्र अख्खे शेंगदाणे, डाळ्या, अख्खी द्राक्षे आणि कडक गोळ्या देऊ नका. खेळता-हसताना दाणा श्वासनळीत अडकतो आणि जिवावर बेतते. त्यांच्यासाठी नुसते कुरमुरे आणि केळे वेगळे काढून ठेवावे.

केक हवाच, असे पोरे म्हणणार. दुकानातला छोटा आणायला हरकत नाही. पण घरी कुकरमध्येही चांगला होतो. दोन वाट्या बारीक रवा, दीड वाटी पिठीसाखर, अर्धी वाटी तेल, एक वाटी दही आणि एक वाटी दूध एकत्र कालवून वीस मिनिटे झाकून ठेवावे. रवा फुगला की त्यात दोन चहाचे चमचे बेकिंग पावडर आणि एक चमचा खायचा सोडा घालून हलक्या हाताने ढवळावे. घट्ट वाटले तर थोडे दूध आणखी घालावे. मिश्रण तेल लावलेल्या डब्यात निम्म्याच्या थोडे वरपर्यंत ओतावे. कुकरच्या तळाला मिठाचा थर पसरून वर जाळी किंवा ताटली ठेवावी आणि दहा मिनिटे तापवावा. मग डबा आत ठेवून मंद आचेवर पाऊण तास ठेवावे. कुकरमध्ये पाणी घालायचे नाही. झाकणाची रिंग आणि शिट्टी दोन्ही काढूनच झाकण लावायचे, हे कधीही विसरू नये. सुरीचे टोक खुपसून पाहावे, कोरडे निघाले की केक झाला. गार झाल्यावर वर साय-साखर लावून मुलालाच त्यावर रंगीत बडीशेप पेरायला सांगावी. तो केक वाकडा झाला तरी त्याचा स्वतःचा असतो.

बिनपैशाचे खेळ

जादूगार आणि कार्टूनचे मुखवटे भाड्याने आणायची गरज नाही. आपले खेळ आहेत. खडूने एक रेघ मारली की तळ्यात-मळ्यात सुरू. "शिवाजी म्हणतो" या खेळाला तर रेघही लागत नाही. अंगण मोठे असेल तर गोल बसून मामाचे पत्र, विषामृत, लंगडी. पाच वर्षांपुढच्यांना लिंबू-चमचा. आंधळी कोशिंबीर मात्र मोकळ्या जागेतच खेळावी, गॅलरीत किंवा स्टोव्हजवळ नको.

एक नियम बदलून घ्या. लहान मुलांच्या खेळात "आउट" ठेवू नका. आउट झालेले मूल कोपऱ्यात जाऊन बसते आणि रडते, मग मारामाऱ्या होतात. ज्याची चूक होईल त्याने पुढे येऊन खेळ सांगायचा, असे ठेवावे. चुकणाऱ्यालाही मान मिळतो आणि खेळ चालू राहतो. खेळ घ्यायला बारा-चौदा वर्षांची ताई किंवा दादा निवडावा. लहानग्यांना त्यांचा धाक असतो आणि त्यांनाही आपण मोठे झालो असे वाटते.

दोन-तीन वर्षांची मुले एकत्र खेळत नाहीत, एकमेकांशेजारी आपापले खेळतात. त्यांच्यापुढे दुकानातून आणलेली पुठ्ठ्याची मोठी खोकी ठेवा. एकाला खिडकी कापली की घर झाले, दोन जोडली की एसटी झाली. आधी धावण्याचे खेळ, मग बसून खेळायचे, मग खाऊ, आणि शेवटी आजीने तिच्या लहानपणाची एक गोष्ट सांगावी. दमलेली पोरे शांत होतात आणि घरी जायला तयार होतात.

फुगे, मेणबत्ती आणि फेसाचा फवारा

इथे आम्ही थोडे कडक बोलणार आहोत. पोरे ज्याला स्नो म्हणतात तो फेसाचा फवारा वाढदिवसाला आणू नका. त्याच्या डब्यात ज्वलनशील गॅस असतो. पेटलेल्या मेणबत्तीजवळ तो उडवला की भडका उडतो आणि तोंड भाजते. पत्र्याच्या, ताडपत्रीच्या घरात त्याचा परिणाम काय होईल, ते सांगायला नको. वर तरंगणाऱ्या गॅसच्या फुग्यांत पुष्कळदा हायड्रोजन भरलेला असतो, तोही पेट घेतो. तोंडाने किंवा पंपाने फुगवलेले फुगे पुरेत. फुगा फुटला की त्याचे तुकडे लगेच गोळा करा. लहान मूल तो रबराचा तुकडा तोंडात घालते आणि तो घशात बसतो.

भेटवस्तूचा काच

वाढदिवसाचे बोलावणे आले की एखाद्या घरात आई डबे चाचपते. द्यायला काही नसते, म्हणून ती पोराला सांगते, "आज जाऊ नको, तुला बरे नाही." हा प्रकार आपल्या वस्तीत घडू देऊ नका. बोलावतानाच सांगा की काही आणायचे नाही. "काय आणले?" असे आपल्या मुलाने कुणाला विचारू नये, हेही त्याला आधी शिकवा. आलेल्या भेटी सगळ्यांसमोर उघडू नका. शाळेत जाणाऱ्या मुलाला कुणी प्रेमाने द्यायचेच म्हटले तर वही आणि पेन द्यावे. हार-फुलांऐवजी एक वही, एक पेन ही हाक आपल्या चळवळीत आता रुळली आहे. परत देण्याच्या भेटीही बंद कराव्या. जाताना प्रत्येकाच्या हातात एक फुगा आणि एक राजगिऱ्याचा लाडू पुरे.

मुलगा मोठे वाढदिवस पाहून हट्ट करील. त्याला खोटे सांगू नका आणि मारूही नका. सहा वर्षांच्या मुलाला सरळ सांगितलेले कळते : "आपल्याकडे एवढे पैसे आहेत. यात काय काय करायचे ते तू आणि मी मिळून ठरवू." फुग्यांचा रंग, पहिला खेळ, एक आवडीचा पदार्थ त्याला निवडू द्या. पैसे कमी असण्याची लाज आपण बाळगली नाही तर तोही बाळगत नाही.

लेक आणि लेकी

मुलाचा वाढदिवस मांडवात आणि मुलीचा चहाच्या कपात, हे अजूनही पाहायला मिळते. भावाचा केक कापला जाताना बहीण कोपऱ्यातून बघते. ती काही बोलत नाही, पण मनात ठेवते. समतेच्या गोष्टी सभेत सांगायच्या आणि घरात दोन मापे लावायची, हे बरे नव्हे. दोघांचा सारखाच करा. दोन्हींचा परवडत नसेल तर दोन्ही लहान करा.

दुसरी गोष्ट पुरुष मंडळींसाठी. पोराच्या वाढदिवसाच्या निमित्ताने गच्चीवर बाटली उघडू नका. सकाळी पंचशील म्हणायचे आणि संध्याकाळी पाचवे शील मोडायचे, हे लेकरू बघत असते. त्याऐवजी कामे वाटून घ्या. पाणी भरणे, फुगे फुगवणे, वाट्या धुणे, मुलांना घरोघर पोचवणे, ही वडिलांची आणि काकांची कामे. ज्या दिवशी लेकरू जन्मले त्याच दिवशी त्याच्या आईने बाळंतपणाच्या कळा सोसल्या. तो दिवस तिचाही आहे. त्या संध्याकाळी ती पोरांमध्ये बसलेली दिसली पाहिजे.

पहिल्या वाढदिवसाचे खरे काम

पहिल्या वाढदिवसाआधी जन्माचा दाखला काढून बघा. पुष्कळदा नोंद होते, पण त्यात बाळाचे नाव घातलेले नसते. नोंदणीपासून १२ महिन्यांच्या आत नाव घालायला शुल्क लागत नाही. त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत घालता येते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागतो. मांडवाआधी हा कागद नीट करून घ्यावा.

मांडवाचे जे वाचले ते लेकराच्या नावे टाका. पोस्टात महिना १०० रुपयांपासून आवर्ती ठेव उघडता येते. १०० रुपयांप्रमाणे पाच वर्षांत ६,००० रुपये जमतात आणि वर व्याज मिळते. मुलगी दहा वर्षांखालची असेल तर २०१५ मध्ये सुरू झालेली सुकन्या समृद्धी योजना आहे, तिच्यात वर्षाला किमान २५० रुपये भरावे लागतात. दर वाढदिवसाला मुलीला बरोबर घेऊन पोस्टात जावे, पासबुक तिच्या हातात द्यावे आणि तिच्याकडूनच आकडा वाचून घ्यावा.

आमच्या आजी-आजोबांच्या नशिबी मास्तरांनी दिलेली तारीख आली. आपल्या लेकरांना स्वतःची तारीख मिळाली आहे. त्या तारखेला त्यांच्या डोक्यावर कर्ज नको, कानाशी गोंगाट नको. चार सवंगडी, एक वाटी खीर आणि न दमलेली आई, एवढे त्यांना द्या. पुढच्या महिन्यात ज्यांच्या घरी वाढदिवस आहे त्यांनी हा अंक जपून ठेवावा, आणि शेजारणीलाही वाचायला द्यावा.

जयभीम.